वेगळं म्हणजे किती वेगळं? यीस्टच्या लाखो पेशी आणि यंत्राची नजर

यीस्टच्या एका पेशीत सुमारे ६००० जनुकं असतात. त्यातलं एक काढून टाकलं आणि पेशी तरीही जगली, तर त्या जनुकाचं काम काय होतं हे ओळखायचं कसं? पेशी मेली असती तर निदान ते जनुक अत्यावश्यक आहे एवढं तरी कळलं असतं. पण यीस्टमध्ये अशी अत्यावश्यक जनुकं एक पंचमांशाहून कमीच आहेत. उरलेल्यांपैकी कुठलंही एक गेलं तरी पेशी खाते, वाढते, तिच्या दोन पेशी होतात. बदल होतो तो आत. केंद्रक थोडं मोठं होतं, एका मोठ्या रिक्तिकेच्या, म्हणजे पेशीतल्या पिशवीच्या, जागी चार-पाच लहान रिक्तिका दिसतात, पेशीच्या कडेला असायचं ते प्रथिन आतच अडकून राहतं. हे बघायला सूक्ष्मदर्शक हवा, आणि हजारो जनुकांसाठी बघायचं असेल तर तो स्वतःहून चालणारा हवा.

स्वयंचलित सूक्ष्मदर्शक म्हटलं की पहिल्यांदा वेगाचं कौतुक होतं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हजारो वाणांचे, म्हणजे जनुकांत एखादा ठरावीक बदल असलेल्या यीस्टच्या प्रकारांचे, फोटो काढण्याचा प्रश्न आज बराचसा सुटलेला आहे. त्या फोटोंमधली कोणती पेशी खरोखर वेगळी आहे हे ठरवणं मात्र अजूनही अवघड आहे, आणि या क्षेत्रातली बहुतेक हुशारी तिथेच खर्च होते.

या कामासाठी यीस्टच का, ते आधी पाहू. इथे ज्या यीस्टबद्दल बोलतो आहोत ते म्हणजे पाव फुगवणारं सॅकरोमायसीस सेरेव्हिसी. त्याची पेशी साधारण पाच मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दोनशे मावतील एवढी. चांगलं अन्न मिळालं तर सुमारे ९० मिनिटांत एकीच्या दोन होतात. एवढीशी असली तरी तिला आपल्या पेशींसारखंच केंद्रक आहे, तंतुकणिका आहेत, प्रथिनं इकडून तिकडे नेणारी व्यवस्था आहे. १९९६ मध्ये तिच्या १६ गुणसूत्रांवरचा डीएनएचा सगळा मजकूर, सुमारे १.२ कोटी अक्षरं, वाचून झाला. केंद्रक असलेल्या सजीवांमध्ये हा मान मिळालेला हा पहिलाच सजीव.

त्याहून मोठी सोय म्हणजे यीस्टचा डीएनए हवा तसा बदलता येतो. डीएनएचा एक तुकडा बनवायचा, त्याच्या दोन्ही टोकांना चाळीस-पन्नास अक्षरं अशी ठेवायची की ती नको असलेल्या जनुकाच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मजकुराशी तंतोतंत जुळतील. हा तुकडा पेशीत गेला की पेशीची स्वतःची दुरुस्तीयंत्रणा तो त्याच जागी बसवते आणि मूळ जनुक बाहेर जातं. आपल्या पेशींमध्ये अशी अचूक अदलाबदल फार क्वचित होते. यीस्टमध्ये ती रोजच्या कामाचा भाग आहे.

डोळ्यांनी शोधणारी माणसं

यंत्रं येण्याआधीही लोक हेच करत होते. अमेरिकेत सिअ‍ॅटल इथे लेलँड हार्टवेल यांनी पेशीविभाजनाचं नियंत्रण करणारी जनुकं शोधायला घेतली, तेव्हा त्यांना एक सुंदर खूण सापडली. यीस्टची नवी पेशी जुनीच्या अंगावर कलिका म्हणून उगवते आणि हळूहळू मोठी होते. म्हणजे कलिकेचा आकार बघितला की पेशी विभाजनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते कळतं. हार्टवेल यांच्याकडे असे वाण होते, जे २३ अंश सेल्सिअसला नीट वाढत आणि ३६ अंशांना थांबत. तापमान वाढवण्याआधी आणि नंतर त्याच पेशींचे फोटो काढायचे आणि तुलना करायची, अशी पद्धत होती. बहुतेक वाणांत पेशी वाटेल तिथे थांबलेल्या दिसत. काही मोजक्या वाणांत मात्र सगळ्या पेशी एकाच आकाराच्या कलिकेवर येऊन थांबलेल्या. याचा अर्थ, नेमक्या त्या टप्प्याला लागणारं काहीतरी बिघडलं होतं. १९७० पासून प्रसिद्ध झालेल्या या कामाला २००१ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

इथे एक बारकावा आहे. हार्टवेल एकेका पेशीचा विचित्रपणा शोधत नव्हते. वाणातल्या सगळ्या पेशींचा एकसारखेपणा, ही त्यांची खूण होती. ‘वेगळं’ म्हणजे काय याची व्याख्या त्यांनी आधी केली आणि मग फोटो काढले.

जपानमध्ये योशिनोरी ओसुमी यांची गोष्टही याच जातीची आहे. उपासमार झाली की पेशी स्वतःचेच भाग रिक्तिकेत नेऊन पचवते असं मानलं जात होतं, पण यीस्टमध्ये ते दिसत नव्हतं, कारण आत गेलेला माल लगेच पचून नाहीसा होत असे. ओसुमी यांनी रिक्तिकेतली पाचक प्रथिनंच नसलेले वाण घेतले आणि त्यांना उपाशी ठेवलं. आता पचन होईना, त्यामुळे आत आलेले गोल कण रिक्तिकेत साचून हलताना साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागले. हे १९९२ मध्ये छापून आलं. पुढच्या वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेने असे कण साचत नाहीत ते वाण शोधून या प्रक्रियेला लागणारी १५ जनुकं ओळखली. २०१६ चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं. अदृश्य गोष्ट दिसेल अशी परिस्थिती तयार करणं हे सगळ्यात मोठं काम होतं. महागडं यंत्र नंतर येतं.

प्रत्येक जनुकासाठी एक वाण

या दोघांच्या पद्धतीत एक अडचण होती. ते रसायन वापरून जनुकांत कुठेतरी बिघाड करत, विचित्र वाण वेगळे काढत आणि मग नेमकं कोणतं जनुक बिघडलं ते शोधत बसत. त्या शेवटच्या पायरीला वर्षं जात. शिवाय कोणतं जनुक तपासायचं राहून गेलं, ते कधीच कळत नसे.

१९९६ नंतर हे उलटं करता आलं. मजकूर हातात असल्यामुळे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी मिळून जवळजवळ प्रत्येक जनुकासाठी, फक्त तेवढंच जनुक काढून टाकलेला एक वाण तयार केला. काढलेल्या जनुकाच्या जागी एका प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक बसवलं आणि शेजारी २० अक्षरांचे दोन ओळखक्रमांक, अगदी बारकोडसारखे. २००२ पर्यंत हा संग्रह पूर्ण झाला. त्यातले सुमारे ५००० वाण ते जनुक नसतानाही जगतात. अत्यावश्यक जनुकं काढून टाकता येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी तापमान वाढल्यावर बिघडणारे वाण वेगळे बनवले गेले.

दुसरा संग्रह रंगाचा. एका जेलीफिशमध्ये सापडलेलं हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, दुसऱ्या कुठल्याही प्रथिनाच्या शेपटाला जोडता येतं. मग ते प्रथिन पेशीत जिथे जाईल तिथे हिरवा उजेड दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एरिन ओशी आणि जोनाथन वाइसमन यांच्या गटांनी यीस्टच्या एकेका प्रथिनाला हे शेपूट लावलं. २००३ मध्ये त्यांनी ४१५६ प्रथिनांचे पत्ते प्रसिद्ध केले आणि पेशीच्या २२ ठिकाणांमध्ये त्यांची वाटणी केली. तोवर यातल्या कित्येक प्रथिनांबद्दल नावापलीकडे काही माहिती नव्हती.

आता हे दोन्ही संग्रह एकत्र आणायचे. समजा, पेशीत गुणसूत्रं ओढून वेगळी करणाऱ्या दोऱ्या आपण हिरव्या केल्या आहेत, आणि ५००० जनुकांपैकी कोणतं नसलं की त्या दोऱ्या बिघडतात हे बघायचं आहे. म्हणजे ५००० वाण हवेत आणि प्रत्येकात एक जनुक गायब, शिवाय दोऱ्या हिरव्या. एकेक हाताने बनवणं अशक्य. टोरंटो विद्यापीठात चार्ल्स बून आणि ब्रेंडा अँड्र्यूज यांच्या गटांनी यासाठी यीस्टचं लैंगिक जीवन कामाला लावलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत सगळं काम संकराने होतं.

यीस्टचे दोन लिंगप्रकार असतात, ‘ए’ आणि ‘अल्फा’. दोघांमध्ये गुणसूत्रांचा एकेकच संच असतो. हिरव्या दोऱ्यांचा वाण अल्फा, आणि संग्रहातले सगळे वाण ए. बारीक टाचण्यांची जाळी असलेला रोबो एका ताटलीतल्या वसाहतींना, म्हणजे एकेका वाणाच्या पेशींच्या ठिपक्यांना, टेकतो आणि दुसऱ्या ताटलीतल्या वसाहतींवर ठसा उमटवतो. एका ताटलीवर १५३६ वसाहती मावतात. एकत्र आलेल्या पेशींचा संकर होऊन दोन संच असलेल्या पेशी तयार होतात. त्यांचा नायट्रोजनचा पुरवठा तोडला की त्या बीजाणू बनवतात आणि त्या वेळी दोन्हीकडची जनुकं पिसली जातात. शेवटी अशा माध्यमावर, म्हणजे पेशी वाढवायच्या खाद्यावर, त्यांना टेकवायचं की ज्यांच्यात एकच संच आहे, प्रकार ए आहे, जनुक गायब आहे आणि दोऱ्याही हिरव्या आहेत, तेवढ्याच पेशी जगतील. बाकीच्यांना औषधं मारतात किंवा अन्न पुरत नाही. निवड माणूस करत नाही, माध्यम करतं. काही आठवड्यांत हजारो नवे वाण तयार होतात.

फोटो काढणं

हे वाण ३८४ खळग्यांच्या काचतळाच्या प्लेटमध्ये जातात. ५००० वाणांना अशा १४ प्लेट लागतात. खळग्याच्या तळाला आधीच एक प्रथिन माखलेलं असतं, ते यीस्टच्या भिंतीतल्या शर्करेला धरून ठेवतं. त्यामुळे पेशी एका थरात, न तरंगता बसतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण थर नीट नसेल तर पुढचं सगळं वाया जातं.

सगळ्यात जास्त डोकेदुखी फोकसची. उत्तम भिंगाची फोकसची खोली एका मायक्रॉनहूनही कमी असते, आणि एवढ्या मोठ्या प्लेटचा तळ तितका सपाट कधीच नसतो. म्हणून सूक्ष्मदर्शक प्रत्येक खळग्यात अवरक्त प्रकाशाचा एक किरण काचेवर सोडतो, तो परावर्तित होऊन कुठे येतो त्यावरून काचेचं अंतर ओळखतो आणि भिंग वरखाली करतो. फोकस बरोबर असला तरी दृश्य प्रकाशाची एक मर्यादा राहतेच. सुमारे ०.२ मायक्रॉनहून जवळ असलेले दोन ठिपके एकच दिसतात. पाच मायक्रॉनच्या पेशीत ही मर्यादा चांगलीच जाणवते.

खळग्यामागे चार फोटो म्हटले तरी २०,००० फोटो होतात. फोटोत शंभर पेशी धरल्या तर वीस लाख पेशी. आता थोडा हिशोब. एका फोटोला दहा सेकंद दिले तर एका माणसाला २०,००० फोटो बघायला सुमारे ५५ तास लागतील. म्हणजे दीड-दोन आठवड्यांचं काम, अशक्य नाही. ४१५६ प्रथिनांचे ते पत्ते माणसांनी डोळ्यांनी बघूनच लिहिले होते. अडचण वेळेची नाही. पहिल्या तासाला जो डोळा एखाद्या पेशीला ‘ठीक’ म्हणतो, तोच पन्नासाव्या तासाला तिला ‘विचित्र’ म्हणू शकतो. आणि हिरवा उजेड दहा टक्क्यांनी मंद झाला आहे, हे तर कुठल्याच डोळ्याला आठवणीतून सांगता येत नाही.

पेशी कुठे संपते

संगणकाला फोटोत पेशी दिसत नाहीत, कमी-जास्त उजेडाचे बिंदू दिसतात. आधी त्याला प्रत्येक पेशीची सीमा आखावी लागते. यीस्ट गोल असल्यामुळे हे तुलनेने सोपं आहे, तरी एक प्रश्न सुटत नाही. कलिका ही वेगळी पेशी धरायची की आईचाच भाग? लहान कलिका आईत धरली तर आई लांबट वाटते. वेगळी धरली तर केंद्रकच नसलेली एक ‘पेशी’ यादीत येते. प्रत्येक गट इथे आपला नियम ठरवतो आणि तो नियम निकालात उतरतो. सीमा स्पष्ट दिसाव्यात म्हणून बऱ्याचदा पेशीभर पसरणारं लाल चमकणारं प्रथिनही वाणात घालतात. हल्ली हे काम डीप लर्निंगवर चालणारे, म्हणजे भरपूर उदाहरणं दाखवून शिकवलेले, प्रोग्राम करतात आणि खूपच चांगलं करतात.

सीमा आखली की मोजमापं सुरू होतात. पेशीचं क्षेत्रफळ, लांबी-रुंदी, उजेड किती आणि किती ठिकाणी, ठिपके किती, कडेपासून किती दूर. टोकियो विद्यापीठात योशिकाझु ओहया यांच्या गटाने २००५ मध्ये ४७१८ वाणांच्या पेशींची भिंत, आतला ॲक्टिन या प्रथिनाचा सांगाडा आणि केंद्रक अशा तीन गोष्टी रंगवून प्रत्येक वाणाची ५०१ मोजमापं घेतली.

आणि इथेच शीर्षकातला प्रश्न उभा राहतो. जनुक शाबूत असलेल्या सामान्य वाणातही दोन पेशी सारख्या नसतात. एक नुकतीच जन्मलेली असते, दुसरी विभाजनाच्या मध्यावर असते, तिसरी वीस वेळा व्यालेली म्हातारी असते. म्हणून आधी सामान्य वाणाचे भरपूर खळगे, तेही प्लेटभर विखुरलेले, मोजावे लागतात. त्यांचा पसारा किती हे कळल्यावरच एखादा वाण त्याच्या बाहेर गेला की नाही हे सांगता येतं. विखुरलेले का, तर कडेच्या खळग्यांत पाणी लवकर उडतं आणि तिथल्या पेशी तेवढ्यानेच वेगळ्या दिसतात. सामान्य वाण मध्ये आणि तपासायचे वाण कडेला ठेवले, तर संगणक जनुकाऐवजी प्लेटची कड शोधून देईल, तेही पूर्ण आत्मविश्वासाने. शिकवलेल्या प्रोग्रामचा हा धोका मला सगळ्यात गंभीर वाटतो. त्याला फरक सापडतोच. फरक कशामुळे आहे ते त्याला माहीत नसतं.

साधं गणितही विसरून चालत नाही. ‘योगायोगाने असं दिसण्याची शक्यता पाच टक्के’ ही कसोटी एका प्रयोगात बरी वाटते. ६००० जनुकांना ती लावली, तर एकाही जनुकाचा खरा परिणाम नसतानाही सुमारे ३०० जनुकं यादीत येतील. म्हणून कसोटी कितीतरी कडक लावतात, प्रयोग पुन्हा करतात, आणि शेवटी ज्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे ते करतात. संशयित वाण नव्याने बनवतात आणि त्यात गायब जनुक परत घालून बघतात. पेशी पूर्ववत झाली तर आरोप सिद्ध. हे आवश्यक आहे, कारण संग्रहातल्या काही वाणांनी जनुक गमावल्याची भरपाई म्हणून गुपचूप एखादं जादा गुणसूत्र कमावलेलं असतं, आणि दिसणारा बदल त्याचा असू शकतो. मेलेल्या पेशीही हिरव्या उजेडात आपोआप चमकतात. आणि जीएफपीचं शेपूट लावल्याने काही प्रथिनं मुळात जायच्या ठिकाणी जातच नाहीत.

एवढी काळजी घेतल्यावर जे दिसतं ते दुसऱ्या कुठल्या मार्गाने दिसलं नसतं. मस्न-२ नावाचं प्रथिन घ्या. पेशीचा ग्लुकोजचा पुरवठा तोडला की ते काही मिनिटांत केंद्रकाबाहेरून केंद्रकात शिरतं आणि संकटकाळची जनुकं चालू करतं. पेशी फोडून त्याचं एकूण प्रमाण मोजलं तर ही हालचाल कळणारच नाही, कारण बदलली ती फक्त जागा. औषधं देऊन केलेल्या मोठ्या पाहण्यांमध्ये असंच दिसलं आहे की जागा बदलणारी प्रथिनं आणि प्रमाण बदलणारी प्रथिनं या बऱ्याच अंशी वेगवेगळ्या याद्या आहेत.

आणखी एक गोष्ट सरासरीत हरवते. एखादं जनुक काढल्यावर वाणातल्या सगळ्याच पेशी बिघडतात असं नाही. कधी तीस टक्के बिघडतात आणि सत्तर टक्के अगदी निरोगी दिसतात, जनुकं मात्र सगळ्यांची तीच. पेशीपेशी मोजणाऱ्या पद्धतीमुळे हे अपवाद नसून सर्रास घडतं हे लक्षात आलं. असं का होतं, यावर आता बरंच काम सुरू आहे.

दोन जनुकं एकदम

टोरंटोच्या संकरपद्धतीचा पहिला हेतू मात्र फोटोंचा नव्हता. एका वाणातून एक आणि दुसऱ्यातून दुसरं अशी दोन जनुकं एकाच पेशीतून काढायची आणि वसाहत किती वाढते ते मोजायचं, असा तो होता. समजा, एक जनुक गेल्यावर वाढ ०.८ पट होते आणि दुसरं गेल्यावर ०.७ पट. दोघांचा एकमेकांशी संबंध नसेल तर दोन्ही गेल्यावर ०.५६ पट व्हायला हवी. प्रत्यक्षात ०.२ झाली, तर ती जनुकं कुठेतरी एकमेकांचं काम सावरून घेत होती. वाढ शून्य झाली तर त्या जोडीला संयुक्त-घातक म्हणतात. २०१६ मध्ये या गटांनी सुमारे २.३ कोटी जोड्यांचे निकाल मांडले. जवळपास ९ लाख जोड्यांत अपेक्षेपेक्षा वेगळं काहीतरी घडलं होतं. ज्या जनुकांचे जोडीदार सारखे, त्यांची कामंही सारखी निघतात. त्यामुळे अनोळखी जनुकाचं काम त्याच्या जोडीदारांवरून ताडता येतं.

हार्टवेल आणि स्टीफन फ्रेंड यांच्या गटाने १९९७ मध्येच सुचवलं होतं की कर्करोगाच्या पेशींत एक जनुक आधीच बिघडलेलं असतं, तेव्हा त्याचा संयुक्त-घातक जोडीदार औषधाने बंद केला तर फक्त त्याच पेशी मरतील. २००५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की ज्यांच्यात बीआरसीए ही डीएनएच्या दुरुस्तीला लागणारी जनुकं बिघडली आहेत अशा पेशी, पार्प हे दुरुस्तीतलंच दुसरं प्रथिन अडवलं की मरतात. या तत्त्वावरचं ओलापरिब हे औषध २०१४ मध्ये अमेरिका आणि युरोपमध्ये मंजूर झालं. ही जोडी यीस्टमध्ये सापडलेली नाही, यीस्टमध्ये पार्प नसतंच. यीस्टने दिली ती जोड्यांनी विचार करण्याची आणि त्या पद्धतशीर शोधण्याची रीत.

संपूर्ण मजकूर वाचून तीन दशकं होत आली तरी यीस्टच्या शेकडो जनुकांचं काम अजून माहीत नाही. यामागे एक कारण असं की प्रयोगशाळेत पेशींना बहुधा भरपूर अन्न आणि सुखाचं तापमान मिळतं, तिथे त्या जनुकांची गरजच पडत नाही. २००८ मध्ये शेकडो रसायनं आणि परिस्थिती वापरून केलेल्या एका प्रयोगात ९७ टक्के जनुकांचा कुठे ना कुठे वाढीवर परिणाम दिसला. तिथे मोजली होती ती फक्त वाढ, आणि ती सगळे वाण एकाच भांड्यात वाढवून त्यांच्या बारकोडवरून मोजता येते. फोटोंच्या बाबतीत प्रत्येक नवी परिस्थिती म्हणजे पुन्हा १४ प्लेट, पुन्हा २०,००० फोटो आणि सामान्य वाणाचा पसारा पुन्हा नव्याने मोजणं, कारण उपाशी पेशीतलं ‘सामान्य’ आणि खाऊन-पिऊन सुखी पेशीतलं ‘सामान्य’ एक नसतं. त्यामुळे सध्या बहुतेक गट मोजक्या परिस्थिती काळजीपूर्वक निवडतात, आणि अनोळखी जनुकांमधली काही दरवर्षी ओळखीची होत जातात.